मेगाब्लॉकच्या रविवारी तुमची लोकल कोणत्या रुळावरून जाईल

मुंबईच्या लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी रविवारी काही तास रूळ बंद ठेवणं, त्याची बातमी शनिवारीच घरोघरी पोचलेली असते. तरी रविवारी दुपारी नाहूरला जायला ठाण्याहून स्लो पकडलेली माणसं भांडुपच्या पुलावर उभी राहून आता मागे कसं जायचं ते विचारताना दिसतात. बातमीत सगळं असतं, पण ते रेल्वेच्या भाषेत: ‘अप धीम्या मार्गावरील सेवा मुलुंड येथे अप जलद मार्गावर वळवण्यात येतील.’ नाहूर चुकणार हे या वाक्यातच दडलेलं आहे. ते वाचता यायला दोन गोष्टी माहीत लागतात. कोणत्या रुळाला कोणत्या स्टेशनात फलाट आहे, आणि एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायचे सांधे कुठे आहेत. सांधा नसेल तिथे गाडी वळू शकत नाही आणि फलाट नसेल तिथे थांबू शकत नाही. एवढं डोक्यात बसलं की कोणत्याही रविवारची सूचना स्वतःची स्वतः सोडवता येते.

आधी रूळ मोजा

कुर्ला ते कल्याण मेन लाइनवर सहा रूळ आहेत: अप आणि डाउन स्लो, अप आणि डाउन फास्ट, आणि पाचवी-सहावी लाइन. पाचवी-सहावी मुख्यतः मेल-एक्स्प्रेससाठी. ठाणे ते दिवा हा तिचा तुटलेला तुकडा फेब्रुवारी २०२२ मध्ये जोडला गेला. अप म्हणजे सीएसएमटीकडे (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), डाउन म्हणजे तिच्यापासून दूर. कुर्ल्याच्या दक्षिणेला मेन लाइनचे चारच रूळ उरतात, म्हणून दादर-सीएसएमटीला जाणारी एक्स्प्रेस तिथे फास्ट लोकलच्याच रुळावरून चालते. सकाळी एखादी लांब पल्ल्याची गाडी उशिरा आली की ठाण्याच्या फास्ट लोकल एकामागोमाग अडकतात, त्याचं कारण हे. ही वाटणी रोजची आहे, ब्लॉकशी तिचा संबंध नाही.

कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत अशा दोन फांद्या होतात आणि स्लो-फास्टच्या जोड्या संपतात. ठाण्याला ‘फास्ट’ म्हणून पकडलेली कसारा लोकल कल्याणनंतर सगळीकडे थांबते ती त्यामुळेच.

ठाणे स्टेशन पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचा. १ ते ४ स्लो गाड्यांचे फलाट, ५ आणि ६ फास्टचे, ७ आणि ८ मेल-एक्स्प्रेसचे, आणि पूर्व टोकाला ९, १० आणि १०-ए ट्रान्स-हार्बरचे, म्हणजे नवी मुंबईकडच्या गाड्यांचे. फलाटांचा हा क्रम रुळांच्या क्रमासारखाच आहे. स्लो गाडी ५ किंवा ६ वर लागली तर ती फास्ट रुळावर आहे, एवढं फलाट क्रमांकावरूनच कळतं.

सूचना वाचायची रीत

सूचना वरून खाली वाचू नका. आधी ‘कोणती लाइन’ शोधा, मग ‘कुठून कुठे’, मग थांब्यांची यादी, आणि वेळ सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक वेळ आधी वाचतात आणि तिथेच फसतात.

फसतात कारण सूचनेत दोन वेगवेगळ्या वेळा असतात. एक ब्लॉकची वेळ, म्हणजे रुळावर प्रत्यक्ष काम चालू असण्याची. मेन लाइनवर ती बहुधा सकाळी ११ नंतर सुरू होते आणि दुपारी ४ च्या आसपास संपते. दुसरी वेळ गाडीच्या सुटण्याची: ‘सीएसएमटीहून सकाळी अमुक ते दुपारी तमुक या वेळेत सुटणाऱ्या डाउन स्लो गाड्या.’ ही दुसरी वेळ ब्लॉकच्या आधीच सुरू होते, कारण सव्वादहाला सीएसएमटी सोडलेली स्लो मुलुंडला पोचेपर्यंत ११ वाजलेले असतात. ठाणेकराने या दुसऱ्या वेळेत आपल्या स्टेशनापर्यंतचा प्रवास मिळवायचा. सीएसएमटी ते ठाणे स्लोने साधारण एक तास लागतो, फास्टने पाऊण तासाच्या आत-बाहेर. म्हणजे सीएसएमटीहून १०.१५ ते ३.३० या वेळेत सुटणाऱ्या डाउन स्लो वळणार असतील, तर त्या ठाण्यात सव्वाअकरापासून साडेचारपर्यंत दिसतील, उशीर धरून पावणेपाचपर्यंत. ‘चारला ब्लॉक संपतो’ असं म्हणून साडेचारला नेहमीच्या भरवशावर निघालेला माणूस याच शेपटीत सापडतो.

अप दिशेला हे गणित उलटं. ठाण्याहून निघणारी अप गाडी मुलुंडला काही मिनिटांतच पोचते, म्हणून ठाण्याला दिलेली सुटण्याची वेळ आणि ब्लॉकची वेळ जवळजवळ सारखीच असते. कल्याण किंवा बदलापूरहून येत असाल तर तुमच्या स्टेशनातून गाडी कधी सुटते ते न बघता ती ठाण्यात कधी येते ते बघा.

हार्बर आणि ट्रान्स-हार्बरच्या सूचनांमध्ये ‘ब्लॉकपूर्वीची शेवटची लोकल’ आणि ‘ब्लॉकनंतरची पहिली लोकल’ वेळेसह दिलेली असते. त्या दोन वेळा मात्र कागदावर लिहून ठेवा. मधल्या गाड्या तिथे वळत नाहीत, रद्दच होतात.

स्लो गाडी फास्ट रुळावर आली की

सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे माटुंगा ते मुलुंड स्लो लाइनचा ब्लॉक. डाउन स्लो गाड्या माटुंग्याला फास्ट रुळावर जातात, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंडला थांबतात, आणि मुलुंडला परत स्लोवर येतात. अपला हेच उलट क्रमाने. आता या पट्ट्यातली सगळी स्टेशनं मनात म्हणा आणि यादीतली खोडत जा. विद्याविहार, कांजुरमार्ग आणि नाहूर उरतात. या तिघांना फास्ट रुळावर फलाट नाही. मोटरमनने ठरवलं तरी गाडी तिथे थांबवता येणार नाही, उतरायला जागाच नाही. त्यामुळे ‘आज नाहूरला थांबेल का हो’ हा प्रश्न डब्यात कुणाला विचारू नका. शेजारचा माणूस रोजच्या सवयीने ‘हो’ म्हणेल.

याच यादीतून आणखी एक गोष्ट कळते. मुलुंड थांब्यांच्या यादीत आहे, म्हणजे मुलुंडला गाडी अजून बदललेल्या रुळावर आहे आणि सांधा मुलुंडच्या ठाण्याकडच्या बाजूला आहे. मुलुंडला स्लोच्या नेहमीच्या फलाटावर वाट बघत बसलात तर तुमची गाडी शेजारच्या फास्ट फलाटावरून निघून जाईल. ठाण्यात मात्र काहीच बदललेलं दिसत नाही. गाडी रोजच्या स्लो फलाटावरून सुटते, इंडिकेटरवर तीच अक्षरं असतात, आणि त्यामुळेच ठाण्याचा प्रवासी बेसावध राहतो. वळण पुढे, पहिल्याच स्टेशनाच्या तोंडाशी आहे.

ब्लॉक मुलुंड ते कल्याण किंवा ठाणे ते कल्याण असा असेल तर ठाणेही बदलतं. त्या दिवशी स्लो गाड्या ५ आणि ६ वर येतात. ठाणे सोडल्यावर मोठे थांबे दिवा, डोंबिवली आणि कल्याण. दिव्याला फास्ट फलाट डिसेंबर २०१६ पासून आहेत, त्याआधी तेही हुकायचं. कोपर आणि ठाकुर्लीला उतरणाऱ्यांनी डोंबिवली धरून चालावं. कळवा-मुंब्र्याच्या लोकांनी त्या दिवसाच्या सूचनेत आपल्या स्टेशनाचं नाव शोधावं, आणि नाव नसेल तर ठाणे किंवा दिवा गाठावं.

हुकणाऱ्या स्टेशनला पोचायचा उपाय एकच: पुढे जाऊन मागे येणं. पण तो कधी चालतो आणि कधी नाही हे नीट समजून घ्या. फक्त डाउन स्लो बंद असेल आणि अप स्लो चालू असेल, तर दादरहून कांजुरमार्गला जाणाऱ्याने भांडुपपर्यंत जावं आणि अप स्लोने एक स्टेशन मागे यावं. असं मागे येण्याची मुभा तुमच्या तिकिटाला दिली आहे का ते सूचनेत वाचून घ्या. अप-डाउन दोन्ही स्लो बंद असतील तर मागे यायला गाडीच नाही. मग नाहूरसाठी मुलुंड किंवा भांडुपला उतरून रिक्षा किंवा बस, विद्याविहारसाठी कुर्ला किंवा घाटकोपर. दोन्ही बाजू बंद आहेत की एकच, हे सूचनेच्या पहिल्या ओळीत ‘अप आणि डाउन’ किंवा नुसतं ‘डाउन’ असं लिहिलेलं असतं.

फास्ट गाडी स्लो रुळावर आली की

इथे लोक उलटी चूक करतात. फास्ट लाइन बंद असली की ठाण्याची फास्ट मुलुंडला स्लो रुळावर जाते. त्या रुळाला प्रत्येक स्टेशनात फलाट आहे. गाडी नाहूरच्या फलाटाला घासून जाते, हळूही होते, आणि तरी थांबत नाही, कारण थांबे तिच्या मूळ वेळापत्रकातलेच राहतात. सूचनेतले शब्द बघा: ‘नियोजित थांब्यांनुसार थांबतील.’ म्हणजे गाडी थांबण्यासाठी फलाट असावा लागतो, पण फलाट आहे म्हणून ती थांबेलच असं नाही. हळू झालेल्या गाडीतून अशा फलाटावर उडी मारणारे दर ब्लॉकला दिसतात. पुढे सिग्नल पिवळा असतो म्हणून गाडी हळू झालेली असते, आणि तो हिरवा होताच ती झटक्यात वेग घेते. उडी मारू नका.

अशा दिवशी उतरायची बाजूही बदलते. रोज डावीकडचं दार धरून उभं राहणाऱ्याला फलाट उजवीकडे आलेला दिसतो, आणि भरलेल्या डब्यात मधली गर्दी ओलांडायला एक थांबा पुरत नाही. रूळ बदलल्याचं जाणवलं, म्हणजे चाकांचा खडखडाट होऊन डबा एका अंगाला सरकला, की पुढचा फलाट कोणत्या हाताला येतो ते दारातल्या माणसाला विचारा आणि त्या बाजूला सरकायला लागा.

१५ डब्यांच्या गाडीबाबत आणखी सावध राहा. १२ डब्यांच्या फलाटाला ती लागली तर शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात. ब्लॉकच्या दिवशी अशा गाडीत चढताना मधले डबे धरा.

१५ मिनिटांचा उशीर येतो कुठून

सूचनेत ‘गाड्या १५ मिनिटे उशिराने’ असं ठरलेलं वाक्य असतं. ते उगाच लिहिलेलं नसतं. सांध्यावरून तिरकं जाताना गाडीला वेग कमी करावा लागतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण सांध्यावर तो ताशी ३० किलोमीटर, काही जुन्या किंवा तीव्र सांध्यांवर १५. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर लांब. ताशी ३० ने ती एका बिंदूवरून पूर्ण जायला अर्धं मिनिट घेते. पण आधी वेग उतरवणं, मागची गाडी लाल सिग्नलवर थांबणं, मग परत वेग धरणं, हे सगळं धरलं तर एका वळणाला दोन-तीन मिनिटं सहज जातात. आणि वळणं दोन असतात: जाताना एक, परत येताना एक.

उरलेला उशीर वाटणीचा. एकाच रुळावर स्लो आणि फास्ट दोन्ही आल्यावर फास्टला पुढच्या स्लोच्या मागे रखडावं लागतं. स्लो विक्रोळी-भांडुपला थांबते तेव्हा मागच्या फास्टला तिथे थांबा नसला तरी ती सिग्नलला उभी राहते. म्हणून ब्लॉकच्या दिवशी ठाण्याहून दादरला जाताना फास्टसाठी दोन स्लो सोडू नका. जी आधी येईल ती घ्या. रोजचा दहा-पंधरा मिनिटांचा फरक त्या दिवशी जवळपास संपलेला असतो.

पाचवी-सहावी लाइन बंद असली तरी लोकलला झळ बसते. मेल-एक्स्प्रेस फास्ट रुळावर येतात आणि फास्ट लोकल त्यांच्यात मिसळते. सूचनेत लोकलचा उल्लेखही नसतो, म्हणून ही बातमी ‘आपल्यासाठी नाही’ असं समजून लोक सोडून देतात. फास्टने जाणार असाल तर तीही वाचा.

तुर्भे, सानपाडा, जुईनगर: त्रिकोण

नवी मुंबईचं गणित वेगळं आहे. तिथे स्लो-फास्ट नाही. दोनच रूळ, पण त्यांवर दोन-दोन मार्गांच्या गाड्या.

हार्बर लाइन मानखुर्दहून खाडी ओलांडून १९९२ मध्ये वाशीला आली आणि पुढे सानपाडा, जुईनगर, नेरूळ, बेलापूर करत पनवेलला गेली. ठाण्याहून येणाऱ्या ट्रान्स-हार्बरवर प्रवासी गाड्या २००४ मध्ये सुरू झाल्या. ती दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते आणि तिथे फुटते. एक फांदी सानपाडा-वाशीकडे, दुसरी जुईनगर-नेरूळकडे. हार्बर लाइन ही त्या त्रिकोणाची तिसरी बाजू. सानपाड्याची कारशेड याच परिसरात आहे, त्यामुळे रिकाम्या गाड्यांची ये-जा इथे सतत चालू असते.

यातून निघणारे नियम पाठच करून ठेवावेत असे आहेत. ठाणे-वाशी लोकल जुईनगरला जात नाही. ठाणे-पनवेल आणि ठाणे-नेरूळ लोकल सानपाड्याला आणि वाशीला जात नाहीत. वाशीहून पनवेलला जाणारी हार्बर लोकल तुर्भ्याला जात नाही. तुर्भे आणि त्याच्या ठाण्याकडची स्टेशनं दोन्ही फांद्यांच्या गाड्यांना समान आहेत. म्हणून घणसोलीला उभं राहून बेलापूरला जायचं असेल आणि आधी वाशीची गाडी आली, तर फार तर तुर्भ्यापर्यंत जा आणि तिथे उतरून मागून येणारी पनवेल धरा. सानपाड्यापर्यंत गेलात तर हार्बरची डाउन गाडी मिळते, पण फलाट शोधण्यात वेळ जातो आणि हार्बर बंद असेल त्या दिवशी तिथेच अडकाल.

पनवेल बाजूने येऊन सीएसएमटीकडे जायचं आणि हाती ठाण्याची गाडी आली असेल तर नेरूळ किंवा जुईनगरला बदला. जुईनगर ही शेवटची संधी. त्यानंतर गाडी तुर्भ्याकडे वळते आणि परत यायला वाशीच्या गाडीची वाट बघावी लागते.

नेरूळपासून पनवेलपर्यंत दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळतात. बेलापूर-पनवेल पट्ट्यात काही बिघडलं की ठाण्याची गाडीही थांबते आणि सीएसएमटीचीही. या पट्ट्यात ‘दुसऱ्या लाइनने जाऊ’ हा पर्याय नसतो.

नवी मुंबईच्या तीन प्रकारच्या ब्लॉकमध्ये काय करायचं

कुर्ला-वाशी बंद असेल तेव्हा सीएसएमटी ते कुर्ला आणि वाशी ते पनवेल अशा तुकड्या-तुकड्यांत विशेष गाड्या धावतात. मधला खाडीचा टप्पा रेल्वेने ओलांडायचा मार्ग म्हणजे ठाण्याला वळसा: नेरूळ किंवा वाशीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून मेन लाइन. हार्बरच्या तिकिटावर आणि पासावर या वळशाची मुभा सूचनेत दिलेली असते, आणि ती ठरावीक तासांपुरती, बहुधा सकाळी १० ते संध्याकाळी ६. वेळेचं गणित असं: वाशी-ठाणे अर्धा तास, ठाण्यात फलाट बदलायला दहा मिनिटं, पुढे सीएसएमटीपर्यंत पाऊण ते एक तास. यात मेन लाइनचा ब्लॉक धरलेला नाही, आणि तो बहुधा त्याच रविवारी असतो. मग आणखी १५ मिनिटं. दोन्ही सूचना एकत्र ठेवून वाचल्याशिवाय हा वळसा घेऊ नका. मानखुर्द किंवा गोवंडीलाच जायचं असेल तर ठाण्याचा वळसा परवडत नाही, वाशीहून खाडीपुलावरची बस बरी.

ठाण्यात ९-१० वर उतरून मेन लाइनला जाताना पुलावर चढण्याआधी इंडिकेटर वाचा. वर चढल्यावर कोणत्या जिन्याने उतरायचं हे तेव्हाच ठरलेलं असलं पाहिजे. पुलाच्या मध्यावर थांबून वर बघणारी माणसं मागच्या सगळ्या गर्दीला अडवतात.

ठाणे-वाशी-नेरूळ बंद असेल तेव्हा सगळ्यात जास्त हाल मधल्या स्टेशनांचे. ठाणे ते वाशी जायला कुर्ल्याला बदलून हार्बरने जाता येतं. कुर्ल्यात हार्बरचे फलाट ७ आणि ८. पण ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरण्याला दुसरा रूळच नाही. तिथल्या लोकांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टीएमटी आणि एनएमएमटीच्या बस धराव्यात, आणि शक्य असेल तर ब्लॉकपूर्वीची शेवटची गाडी. तीही अगदी शेवटची न धरता तिच्या आधीची धरा. शेवटच्या गाडीत ऐरोलीपासूनच चढायला जागा नसते.

पनवेल-वाशी बंद असेल तेव्हा सीएसएमटी-वाशी विशेष गाड्या चालतात आणि ट्रान्स-हार्बर सूचनेप्रमाणे ठाणे-वाशी किंवा नेरूळपर्यंत चालू राहते. गाड्या नेमक्या वाशी, नेरूळ, बेलापूर याच स्टेशनांत का तोडतात, याचंही कारण सांधे. गाडी उलट फिरवायला तिला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा आणि ती थोडा वेळ उभी राहील असा फलाट लागतो. सीवूड्स किंवा मानसरोवरच्या लोकांना ‘आमच्यापर्यंत का आणत नाहीत’ असं वाटतं, पण रुळांची मांडणीच तशी आहे. खारघर आणि तळोजाकडे जायचं असेल तर बेलापूरपर्यंत पोचून नवी मुंबई मेट्रो घ्या. ती १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर धावते, तिचे रूळ पूर्ण वेगळे आहेत आणि रेल्वेच्या ब्लॉकचा तिच्यावर परिणाम होत नाही. खांदेश्वर-पनवेलला मात्र शीव-पनवेल महामार्गावरची बसच.

उरणच्या गाड्यांनाही एक छोटा त्रिकोण आहे. काही गाड्या नेरूळहून सीवूड्स करत निघतात, काही बेलापूरहून, आणि तरघरच्या आधी दोन्ही एक होतात. बेलापूरची उरण गाडी सीवूड्सला येत नाही. सीवूड्सला उभे असाल तर इंडिकेटरवर ‘उरण’ दिसलं एवढ्यावर समाधान मानू नका, ती नेरूळहून येतेय का ते वेळापत्रकात बघा. उरणच्या या पोर्ट लाइनच्या फेऱ्या मोजक्या आहेत. एक हुकली तर तासभर बसावं लागतं.

सूचना नसताना वळली तर

पावसात, वायर तुटल्यावर, सिग्नल बंद पडल्यावर गाड्या आयत्या वेळी वळवतात. तेव्हा वाचायला सिग्नल असतो. फलाटाच्या टोकाजवळचा सिग्नल बघा. गाडी सरळ जाणार असेल तर नुसता रंग दिसतो. ती वळणार असेल तर रंगाच्या जोडीला वर पांढऱ्या दिव्यांची तिरकी किंवा आडवी रांग पेटते. तिरकी रांग ज्या बाजूला कललेली, त्या बाजूला वळण. स्लोच्या फलाटावरून फास्टच्या बाजूला कललेली रांग दिसली तर पुढची छोटी स्टेशनं गेली असं समजा आणि गाडी सुटण्याआधी उतरायचं की नाही ते ठरवा. हे बघायला फलाटाच्या उतारावर जायची गरज नाही, पिवळ्या रेषेच्या आत उभं राहून पुढच्या डब्याजवळून दिसतं.

इंडिकेटरवरच्या अक्षरांवर अशा वेळी पूर्ण विसंबू नका. टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण, एन कसारा, एस कर्जत, ए अंबरनाथ, ही अक्षरं गाडी कुठे जाणार ते सांगतात. त्यांच्या शेजारचं स्लो-फास्ट हे तिच्या वेळापत्रकाचं वर्णन आहे. आत्ता ती कोणत्या रुळावर आहे हे त्यातून कळत नाही. घोषणेत ‘ही गाडी अमुक स्थानकांवर थांबणार नाही’ हे वाक्य आलं तर तेच खरं धरा. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ते दिसतं, आणि त्या दिवशी वेळापत्रकापेक्षा ते उपयोगाचं.

एक गोष्ट जिवाची आहे. ब्लॉक लागलेला रूळ म्हणजे रिकामा रूळ, असा समज फार पसरलेला आहे. त्या रुळावर टॉवर वॅगन (वरच्या वायरच्या दुरुस्तीची गाडी) आणि रूळ दुरुस्तीची यंत्रं फिरत असतात, त्यांना वेळापत्रक नसतं. आणि शेजारच्या रुळावर दुप्पट गाड्या चालू असतात, ज्या बाजूने रोज स्लो येते तिकडून फास्ट. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात रूळ ओलांडणाऱ्यांच्या कानाला रोजच्या गाड्यांची लय बसलेली असते, आणि ब्लॉकच्या दिवशी नेमकी तीच लय खोटी ठरते. लांब पडला तरी पुलानेच जा.